पुढल्या आदणाची भेंडी

आत्याबाई, काल मला पोती शिवायच्या दोऱ्याची रिळं आणायला सांगलीला पाठवलं. पाठवलं म्हणजे, एकानं सांगितलं आणि मी गेले. या घरात मला कुठं पाठवायचं तर ते तुम्ही, आणि तुमच्या माघारी इतरांना पाठवणारी मीच झाले. त्यामुळं कालपासून जीव थाऱ्यावर नाही. राग आलाय म्हणावं तर हसू येतं, हसायला जावं तर डोळे भरतात. यांना सांगितलं तर हे त्यातूनही एखादी नवीन कल्पना काढतील. माहेरी वाईला फोन लावला, तर वहिनी म्हणाली, "बरं झालं, तेवढंच फिरणं झालं." मग उरलात तुम्ही. तुम्हांला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण गुऱ्हाळातली गोष्ट गुऱ्हाळ चालवलेल्या बाईलाच कळणार, आणि सासू असलात तरी मला जे नीट सांगता यायचं ते तुम्हांलाच.

तुमचं गुऱ्हाळ आता तुम्ही ओळखणार नाही. कुंडलच्या रस्त्यावरून आत वळलं की लांबलचक निळ्या पत्र्याची शेड दिसते, तीच ती. चुलवाण तुमच्या वेळच्या जागीच आहे, चिमणी तेवढी उंच केली. आत पांढऱ्या फरश्या घातल्यात, बायका डोक्याला टोप्या घालून काम करतात, आणि ढेपेपेक्षा वड्या आणि पावडरच जास्त निघते. आजूबाजूची गुऱ्हाळं एकेक करून थंड झाली तेव्हा तुमच्या लेकाला दिसलं, की शहरातली माणसं चहातली साखर सोडणार आहेत. मला ते वेड वाटलं होतं. पण खरं झालं, आणि त्याचं श्रेय यांचंच, त्यात माझी खळखळ नाही. यांना उद्याचं लख्ख दिसतं. आजचं मात्र बिलकूल दिसत नाही. बारदान संपलंय, उसाची गाडी ओढ्यात रुतलीय, ऊसतोडीच्या टोळीतल्या दोघांची भांडणं होऊन काम थांबलंय, आणि हे मधोमध उभे राहून सांगतात की गुळाचं चॉकलेट काढायचं. वडिलांचंच रक्त, मामांचं, दुसरं काय! मामांनी ढेपेऐवजी गणपतीच्या साच्यात गूळ ओतला होता ते आठवतं का? सोंड मोडलेला गणपती फोडून आमटीत टाकायला कुणी धजेना. तो फडताळात तसाच बसून राहिला आणि शेवटी मुंग्यांनीच त्याचं विसर्जन केलं. तुम्ही तेव्हा पदर तोंडाला लावून इतक्या हसला होता, की मी नवी नवरी असूनही मला तुमची भीती वाटायची थांबली.

ती भीती परत बसली काहिलीपाशी. मी पहिल्यांदा गुऱ्हाळात आले होते. रस उकळून पाक व्हायला आलेला, गुळव्या फावडं हातात धरून वाकून बघतोय, आणि मी वाईची शिकलेली सून म्हणून तोंड उघडलं, की रंग जरा पिवळा दिसतोय. तुम्ही माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाहीत. "सूनबाई, काहिलीपाशी एकच तोंड. बाकीच्यांनी डोळं ठेवायचं," एवढंच म्हणालात. माझे कान तापले. गूळ वाफ्यात ओतल्यावर मात्र तुम्ही उसाच्या कांडीवर गरम गूळ गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आता बोल काय बोलायचंय ते." मी कांडी चोखत उभी राहिले.

तो नियम माझ्यापेक्षा मामांना जास्त जाचायचा. गुऱ्हाळ त्यांचं, ऊस त्यांचा, आणि पाक जमायच्या वेळेलाच त्यांना काहीतरी सुचायचं. वेलदोडा टाकू या, साचा बदलू या, हे आदण जरा पातळच ठेवू या. तुम्ही त्यांना कधी 'गप बसा' म्हणाला नाहीत. नवऱ्याला चारचौघांत तसं म्हणायची रीत नाही, आणि तुम्हांला त्याची गरजही पडत नव्हती. काहिलीत मोठे बुडबुडे यायला लागले, की तुम्ही हाक मारायच्या, "आवं, पुढल्या आदणाला भेंडी लागंल. तेवढी आणता का?" की मामा विळा घेऊन बांधाकडं निघाले. पुढलं आदण म्हणजे काहिलीत नवा रस पडला, की त्याची मळी वर काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस लागायचाच, त्यामुळं त्यात खोटं काही नव्हतं. फक्त शेडच्या मागं पिंपात आधीच चेचलेली भेंडी भिजत पडलेली असायची, आणि मामांनी आणलेला भारा बहुतेक म्हशीच्या पुढ्यात जायचा. मला हे सगळं लक्षात यायला एक हंगाम गेला. लक्षात आल्यावर वाटलं, ही बाई काय आहे! आणि मग तुमच्या माघारी मीही तेच करत आले. यांना पुण्याच्या प्रदर्शनाला पाठवायचं, मुंबईच्या व्यापाऱ्याकडं पाठवायचं, कोल्हापूरला साच्याचा नमुना बघायला पाठवायचं. हे खूश होऊन जातात आणि इथं हंगाम बिनबोभाट पार पडतो.

अशाच एका प्रदर्शनात यांना पुण्याची एक सल्लागार बाई भेटली. आमच्यासारख्या धंद्यांना सल्ला देणं हाच तिचा धंदा. बाई चांगली होती, उगीच नावं ठेवणार नाही. दोन दिवस शेडमध्ये हिंडली, सगळ्यांशी बोलली, आणि तिसऱ्या दिवशी सोप्यात बसून म्हणाली, "तुमच्याकडे स्वप्न बघणारा माणूस आहे. ते स्वप्न रोज सकाळी कामाला लावणारा माणूस नाही. तो आणा, नाहीतर हे असंच धापा टाकत चालेल." मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते, आत्याबाई. तुमचा लेक म्हणाला, "अगदी बरोबर!" मी चहा ठेवला. बाईच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं काय बघता?" आणि मला सांगता येईना. कुणाच्या उसाला आज तोड द्यायची, कुणाच्या बैलाचा पाय दुखतोय, दिवाळी-संक्रांतीला कुठल्या बायका येणार नाहीत, गुळव्याला कधी रागवायचं आणि कधी त्याच्या नातवाची चौकशी करायची, यांच्या कुठल्या कल्पनेला 'बघू' म्हणायचं आणि कुठलीला खरोखर बघायचं, याला नाव काय? मी म्हणाले, "असंच. लक्ष ठेवते." ती हसली आणि मीही हसले. आत जाऊन कपबशा विसळताना मला इतका राग आला, की एका कपाचा कान तुटला.

संध्याकाळी यांना म्हणाले, की माझ्या जागेवर माणूस आणताय तर मला आधी सांगायचं होतं. हे खरोखरच गोंधळले. "तुझ्या जागेवर कशाला? अगं, तुझे गुडघे बघ. सकाळी उठताना भिंत धरतेस. तुला जरा विसावा मिळावा म्हणून तर." यांच्या तोंडावर कपट नव्हतं. आणि गुडघे दुखतात हेही खरं. म्हणजे माझं काम यांना दिसत नव्हतं, पण माझे गुडघे दिसत होते. याला प्रेम म्हणायचं की आंधळेपणा, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

माणूस निवडायला मीही बसावं असं यांनीच सांगितलं. पहिले आले ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब. त्यांनी कामापेक्षा गाडी कुठली मिळणार याची चौकशी जास्त केली. दुसरा इस्लामपूरकडचा इंजिनिअर, हुशार, नीटनेटका. यांनी गुळाच्या चॉकलेटापासून दुबईपर्यंत सगळं सांगितलं आणि तो प्रत्येक वाक्याला मान डोलावत गेला. हे त्याच्यावर बेहद्द खूश. तिसरे सुभेदार. जतच्या पलीकडचे, घरात पूर्वापार मेंढरं, स्वतः फौजेत शिधा-सामानाच्या खात्यात नोकरी करून आलेले. बूट दारात काढले ते जोडीनं, टाचा भिंतीला लावून. यांनी परत चॉकलेटापासून दुबईपर्यंत सगळं सांगितलं. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, सपान लय भारी हाय. पर मला एक सांगा. हितं 'न्हाई' कोन म्हनतं?"

यांना कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हंजे, तुमी रोज नवीन कायतरी काढनार. त्यातलं व्हनार ते व्हईल. न व्हनाऱ्याला न्हाई म्हनायला कोनतरी लागतंय. ते काम कुनाचं हाय?"

यांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी विचारायला दारात आलेल्या गुळव्यानंही माझ्याकडं बघितलं. टेबलाशी बसलेली हिशेबाची पोरगीसुद्धा मान वळवून बघायला लागली. आत्याबाई, त्या क्षणी माझं इतक्या वर्षांचं काम पहिल्यांदा सगळ्यांना एकदम दिसलं. आणि ज्यानं दाखवलं तोच ते माझ्या हातातून न्यायला आला होता. मी आत चहा करायला गेले आणि येऊन यांना म्हणाले, हाच माणूस घ्या. इंजिनिअर यांना आवडला होता, मी हट्ट धरून सुभेदार घ्यायला लावले. का? त्यांनी माझं काम ओळखलं म्हणून, की ओळखणाऱ्यालाच ते द्यावं असं वाटलं म्हणून, की थकले होते म्हणून? तेव्हा ठाम होते. आता विचाराल तर सांगता येणार नाही.

सुभेदार काही देवमाणूस नाहीत. आल्या आल्या त्यांनी कामाच्या पाळीला शिट्टी लावली आणि बायका टोप्यांत तोंडं लपवून हसत सुटल्या. चिपाडाची गंज त्यांना वाकडीतिकडी वाटली म्हणून सरळ रेषेत रचायला लावली, ती नेमकी वाऱ्याच्या तोंडाला. दुसऱ्या दिवशी चिपाडं मारुतीच्या देवळापर्यंत उडालेली. त्यांनी स्वतः झाडू घेतला, सगळ्यांबरोबर झाडलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चुकलं माजं." आपल्याकडच्या पुरुषाच्या तोंडून हे वाक्य ऐकायची सवय नसल्यामुळं बायका हसायच्या थांबल्या. हळूहळू गाड्या वेळेवर रिकाम्या व्हायला लागल्या, बारदान संपायच्या आधी यायला लागलं. मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. सुभेदारांनी काही सांगितलं, की माणूस तिथून निघायचा तो थेट माझ्याकडं. "वैनी, सुभेदार असं म्हनत्यात. करू का?" आणि मी म्हणायचे, "कर की. पण..." त्या 'पण'मध्ये माझा दिवस जायचा. मला वाटायचं, मी मदत करतेय.

मग तो दिवस आला. मुंबईहून मोठ्या दुकानांच्या साखळीची माणसं माल बघायला येणार होती. त्यांना आपला गूळ पटला असता तर तो त्यांच्या सगळ्या दुकानांत गेला असता, आणि हंगाम सरल्यावर घरी बसवाव्या लागतात त्या बायकांना बारमाही काम मिळालं असतं. काहील रंगात आलेली. आणि हे धावत आले. "या आदणात सुंठ आणि हळद टाकू. ताजं ताजं दाखवू त्यांना!" सुभेदार म्हणाले, "न्हाई साहेब. साधा गूळ दावायचं ठरलंय." यांनी माझ्याकडं बघितलं. मला दोघांचंही मन मोडवेना. मी म्हणाले, "अर्धा तसाच काढा, अर्ध्यात टाका." आत्याबाई, काहील अर्धी उतरवता येते का हो? मला ठाऊक नव्हतं का? पण दोन माणसांमधला मार्ग काढायची इतकी सवय लागली होती, की मी पाकाचाही मार्ग काढायला गेले. गुळव्या फावडं धरून तीन तोंडांकडं बघत राहिला आणि तेवढ्यात पाक पुढं गेला. गूळ काळपट आला, चवीला करपट. मुंबईच्या माणसांनी एक एक वडी तोंडात टाकली आणि अर्धी अर्धी हळूच बशीत ठेवली. जाताना म्हणाली, की परत एकदा येऊन बघू, पण मग ते शेवटचं.

सगळे गेल्यावर सुभेदार माझ्यापाशी आले. हे चुलवाणाजवळ खुर्चीत मान खाली घालून बसले होते. सुभेदार म्हणाले, "वैनी, मेंढरामागं दोघं दोन बाजूनं हाकायला लागली, का मेंढरं जाग्याव उभी ऱ्हात्यात. तेंचा काय दोस न्हाई. मी ऱ्हाऊ का जाऊ, तेवढं सांगा."

मी म्हणाले, "ते साहेबांना विचारा."

"साहेबांना कशाला इचारू? तुमालाच इचारतोय."

मी म्हणाले, "ऱ्हावा." वाईची असूनही माझ्या तोंडून तुमच्यासारखं 'ऱ्हावा' निघालं. त्यांनी मान हलवली आणि गेले. वाटलं, मिटलं.

काल ती मुंबईची माणसं परत येणार होती. यांना सुभेदारांनी सकाळीच कऱ्हाडला गाडी घेऊन पाठवलं, पाहुण्यांना उतरवून घ्यायला. मी डोक्याला टोपी बांधून शेडकडं निघाले तर सुभेदार दारातच. "वैनी, पुढल्या लोडिंगला रिळं लागतील दोऱ्याची. सांगलीच्या आपल्या दुकानात तेवढी बघून आणता का? पोरांना बरं-वाईट कळत न्हाई." मला वाटलं, खरंच आहे, गेल्या खेपेचा दोरा तुटत होता. टोपी सोडली, स्कूटी काढली आणि निघाले. पलूस मागं पडलं, पुढं सांगलीची गर्दी लागली, हळदीच्या अड्ड्याजवळ नेहमीसारखा ठसका लागला, तरी माझ्या डोक्यात एकच, की आदण लागलं असेल, मळी काढली असेल, माझ्याशिवाय कुणी यांच्यापुढं उभं राहील का. हे तर कऱ्हाडला आहेत हेही मी विसरले होते.

दुकानदार ओळखीचा. रिळं मागितली तर म्हणाला, "आवं वैनी, परवाच तर सुभेदार येऊन घेऊन गेले की. लय नेली. संपली का काय एवढ्यात?"

मी म्हणाले, "व्हय, संपली." का म्हणाले कुणास ठाऊक. रिळांचा पुडा हातात घेतला आणि स्कूटीपाशी येऊन उभी राहिले. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, बाजूला व्हा म्हणतोय. पुढल्या लोडिंगला रिळं. पुढल्या आदणाला भेंडी. आत्याबाई, सुभेदारांनी तुम्हांला कधी बघितलं नाही, तुमची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नसणार, गुळव्यानं सांगितली असली तर देव जाणे. पण त्यांनी मला भेंडी आणायला पाठवलं होतं. मला! ज्या बाईनं इतकी वर्षं बाकीच्यांना पाठवलं तिला. म्हणजे काहिलीपाशी ज्याचं तोंड नको असतं, ते माणूस आता मी झाले होते. संताप आला. तसंच परत जावं आणि पुडा त्यांच्या अंगावर टाकावा असं वाटलं. किल्ली फिरवली आणि स्कूटी घराकडं न वळवता कृष्णेच्या घाटावर नेली.

पायरीवर बसले. खाली कुणी चादरी धूत होतं. पुडा मांडीवर. आणि तिथं मला मामा आठवले. तुम्हांला मी एक गोष्ट कधी सांगितली नाही, आज सांगते. माझ्या दुसऱ्या हंगामात तुम्ही मला मामांना बोलवायला पाठवलं होतं. कुणीतरी पाहुणे आले होते आणि मामा भेंडी आणायला गेलेले. मी बांधावर गेले. भेंडीचा भारा कापून, बांधून, तयार बाजूला ठेवलेला. आणि मामा बाभळीखाली पाय पसरून बसलेले, नजर चिमणीच्या धुराकडं. मी म्हणाले, "मामा, झाली की भेंडी. चला ना." तर म्हणाले, "थांब. काहील उतरली का धूर बारीक व्हतोय, तवा जाऊ." मला कळेना. मग ते हसले. "आगं, मी नसलो का तिचा गूळ चांगला व्हतोय. मग बसतो की हितं. माजं काय जातंय?" आणि जरा वेळानं म्हणाले, "पर तिला कळू देऊ नगंस, मला म्हाईत हाय म्हनून. तिला वाईट वाटंल." आम्ही दोघं बसून राहिलो. पाहुणे ताटकळले, त्यावरून तुम्ही मला बोलला होता, आठवत असेल. धूर बारीक झाला तसे मामा उठले, भारा डोक्यावर घेतला आणि धापा टाकत, घाम पुसत आले, जसं काही लांबून पळत आलेत. तुम्ही भारा त्यांच्या हातातून घेतलात आणि म्हणालात, "बरं झालं बाई, वेळेवर आणलीत."

घाटावर बसून मला पहिल्यांदाच वाटलं, तुम्हांलाही ठाऊक असेल का? रोज तेवढ्याच लगबगीनं तुम्ही तो भारा घ्यायच्या. त्यांना ठाऊक आहे हे तुम्हांला ठाऊक होतं का, आणि तेही तुम्ही कळू दिलं नाहीत का? मला वाटायचं की त्या गुऱ्हाळात सगळं ठाऊक असलेली एकटी मीच आहे. आता काहीच ठाऊक नाही असं वाटतंय. आणि बसून तरी किती वेळ बसायचं? मामांना धूर दिसत होता. सांगलीच्या घाटावरून कुंडलचा धूर दिसत नाही, आत्याबाई. फोन करून विचारता आलं असतं, दोनदा हातात घेतलाही. पण विचारलं तर ते परत तोंड घालणंच झालं असतं. उन्हाची तिरीप पायरीवरून सरकून पायावर आली तेव्हा उठले.

घरी आले तर अंगणात गाडी उभी, पाहुणे आत शेडमध्ये, आणि हे बाहेर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले. मी म्हणाले, "अहो, पाहुणे आत आणि तुम्ही इथं?" म्हणाले, "असू दे. जरा वेळानं जातो." आणि यांची नजर वर कुठं होती ते मी बघितलं. पुण्याची प्रदर्शनं आठवली, मुंबईचे व्यापारी, कोल्हापूरचे साचे. विचारायचं धाडस झालं नाही. बाजूला दुसरी खुर्ची होती. मी बसले. पुडा मांडीवर तसाच. आम्ही दोघं, गुऱ्हाळाचे मालक, आपल्याच अंगणात पाहुण्यासारखे बसून राहिलो. थोड्या वेळानं शेडमधून हसण्याचा आवाज आला आणि सुभेदार बशी घेऊन बाहेर आले. वडी सोन्यासारखी पिवळी, मऊ. पाहुण्यांनी बशीत काही शिल्लक ठेवलं नव्हतं म्हणे, ही वेगळी आणली होती. मी तोंडात टाकली. इतका चांगला गूळ या शेडमध्ये तुमच्यानंतर झाला नव्हता. माझ्या हातून तर नाहीच नाही, आणि हे मी कुणाला सांगणार नाही.

सुभेदारांनी विचारलं, "मिळाली का रिळं?"

"मिळाली," मी म्हणाले. "लय फिरावं लागलं."

"बरं झालं, वेळेवर आनलीत," ते म्हणाले, आणि पुडा दोन्ही हातांनी घेतला.

हा कागद आता कुठं ठेवू? चुलवाणात टाकावा, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचला असं तरी वाटेल. पण तिथं आता सुभेदारांना विचारल्याशिवाय जाता येत नाही, आणि मी विचारणार नाही. मामांनी 'कळू देऊ नगंस' म्हणून सांगितलेलं आज मी मोडलं, तेही ज्यांना आता वाईट वाटायचा प्रश्न नाही त्यांच्यापाशी. खरं सांगू का, तुम्हांला वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिले नव्हते. तुम्हांला ते आधीच ठाऊक निघालं असतं तर तुम्हां दोघांत मीच एकटी वेडी ठरले असते, त्याची भीती वाटायची. सकाळी सुभेदार म्हणत होते, पुढल्या आठवड्यात लेबलं बघायला कुणीतरी मिरजेला जायला पाहिजे. मी म्हणाले, मी जाते.